काळ्या पानाचं झाड आणि लिंकनची आई



नेहमी आपल्या रानातल्या नोंदी लिहितो. आज नोंद लांबची आहे, पण फिरून ती गोठ्यातच येणार आहे, म्हणून थोडं शेवटपर्यंत वाचा.

गेल्या वर्षी पेरणी उरकली, शेत थोरल्या पोराच्या हवाली केलं आणि जूनच्या शेवटी लेकीकडं अमेरिकेला गेलो. इंडियाना राज्याच्या पार दक्षिणेला, ओहायो नदीच्या काठी एव्हान्सव्हिल नावाचं गाव आहे, त्याच्या बाहेरच्या अंगाला तिचं घर. मागं मोठं परसू, दोन मॅपलची झाडं, चिकण माती. बसून खायची सवय नाही, म्हणून दुसऱ्या दिवसापासून परसाचं काम मी अंगावर घेतलं.

तिथं एका झाडानं माझं लक्ष वेधलं. लेकीनं दोन वर्षांपूर्वी नर्सरीतून दोन रोपं आणून लावली होती. पान काळपट जांभळं. आंब्याला नवी पालवी फुटते ना, तो तांबूस रंग अजून गडद केला तर कसा दिसेल, तसा. दांडेही तसेच. नाव व्हाईट स्नेकरूट, आणि ही काळ्या पानाची निवडलेली जात, तिचं नाव 'चॉकलेट'. डेलावेअर राज्यात माउंट क्युबा सेंटर म्हणून देशी झाडांची मोठी बाग आहे, तिथली ही निवड. शास्त्रीय नाव आता अ‍ॅजेराटिना अल्टिसिमा, पण नर्सरीच्या पाटीवर अजून जुनं युपॅटोरियम रुगोसम हेच नाव असतं. सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. बहुवर्षायू, म्हणजे थंडीत वरचं सगळं वाळून जातं, मुळं जिवंत राहतात आणि वसंतात परत फुटतं.

दोन रोपं, पण दोन तऱ्हा. एक लावलं होतं गाडीच्या वाटेकडेला, उन्हात आणि कोरड्यात. त्याची पानं रंगाला छान, पण ऑगस्टमध्ये कडा करपल्या आणि झाड मान टाकून बसायचं. दुसरं मागच्या बाजूला, जिथं छपराच्या पन्हाळीचं पाणी उतरतं तिथं, मॅपलच्या अर्ध्या सावलीत. ते माझ्या छातीएवढं झालं. याला ओल लागते, हे मला पाटी न वाचता कळलं. पाणी साचलेलं नको, पण मुळाशी ओल कायम हवी. जुलै लागताच मी त्याचे शेंडे खुडले, आपण तुरीचे खुडतो तसे. लेक म्हणाली, "बाबा, फुलं येणार नाहीत." मी म्हणलं, उशिरा फुलणारं झाड आहे, अजून दोन महिने हातात आहेत, बघ तू. फांद्या दुप्पट झाल्या.

सप्टेंबरात बाकीच्या बागेचा नूर उतरला, तेव्हा हे फुललं. आपल्याकडं बांधावर ओसाडी येते ना, तिच्या फुलासारखेच झुबके, पण पांढरेशुभ्र. काळ्या पानावर ती फुलं उठून दिसायची, आणि दिवसभर मधमाश्या. हरणं तिथं परसात येऊन सगळं ओरबाडतात, पण याला तोंड लावत नव्हती. तेव्हाच माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. आलं नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला लेक म्हणाली, बी पडायच्या आत कापू या, नाहीतर वाऱ्यानं सगळीकडं होतंय. बियाला पांढरी म्हातारी असते, उडत जातं. मी विळ्यानं कापलं. चांगली कवळभर ओली वैरण झाली. आता शेतकऱ्याच्या हातात हिरवा पाला असला की त्याला जनावर आठवतं. शेजारी एक ऐंशीच्या घरातली आजी राहते, तिच्याकडं चार शेळ्या. मी भारा घेऊन कुंपणाकडं निघालो.

आजी व्हरांड्यात बसलेली होती. हात वर करून ओरडत, त्या वयात पळत आली. मला इंग्रजी बेताचंच. एवढंच कळलं, "नो, नो" आणि "मिल्क सिक". लेक धावत आली. मग आजीनं सांगितलं ते लेकीनं मला मराठीत सांगितलं. आजी म्हणाली, हे झाड शेळी-गाईनं खाल्लं तर जनावर थरथरून मरतं, आणि त्याचं दूध पिलेला माणूसही मरतो. तिच्या आजीनं तिला लहानपणीच हे झाड ओळखायला शिकवलं होतं. शेवटी म्हणाली, "याच झाडानं अब्राहम लिंकनची आई गेली."

लेकीलाही यातलं काही माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी आम्ही गाडी काढली आणि तासाभरावर लिंकन सिटी नावाच्या ठिकाणी गेलो. लिंकनचं लहानपण जिथं गेलं ती जागा सरकारनं राष्ट्रीय स्मारक म्हणून जपली आहे. झाडीत एका टेकाडावर त्याच्या आईची, नॅन्सी हँक्स लिंकनची कबर आहे. साठ वर्षं तिच्यावर धड दगडही नव्हता, आता जो दिसतो तो १८७९ मधला. मी बराच वेळ उभा राहिलो. आठवडाही झाला नव्हता, तोच पाला माझ्या काखेत होता.

त्यानंतर मी जमेल तेवढं वाचलं, लेकीकडून समजून घेतलं. ते सांगतो.

लिंकन कुटुंब डिसेंबर १८१६ मध्ये केंटकी सोडून इंडियानात आलं. लिटल पिजन क्रीक नावाची वस्ती. गर्द जंगल. झाडं तोडायची, मोकळ्या जागेत मका लावायचा, आणि गुरं जंगलात मोकळी सोडायची. कुरण, कुंपण, वैरण असलं काही नाही. १८१८ च्या उन्हाळ्याअखेर वस्तीत आजार आला. आधी नॅन्सीचे नातेवाईक थॉमस आणि एलिझाबेथ स्पॅरो हे नवरा-बायको गेले. शेजारची एक बाई गेली. आणि ५ ऑक्टोबर १८१८ ला नॅन्सी गेली. वय ३४. अब्राहम नऊ वर्षांचा, बहीण सारा अकराची. बापानं जंगलातल्या लाकडाच्या फळ्या कापून पेटी केली, आणि पोरगं पेटीच्या खुंट्या तासत होतं असं सांगतात.

या आजाराला लोक मिल्क सिकनेस म्हणायचे. आधी अंगातली ताकद जायची, भूक जायची, मग सारख्या उलट्या, पोट गच्च, श्वासाला एक वेगळाच उग्र वास, मग गुंगी आणि मरण. गुरांना तोच आजार व्हायचा त्याला म्हणायचे ट्रेंबल्स, म्हणजे थरथरी. जनावर चाललं की पाय लटपटायचे, पळवलं तर कोसळायचं. ओहायो, इंडियाना, इलिनॉय, केंटकी, टेनेसी, नॉर्थ कॅरोलिना, या सगळ्या पट्ट्यात हा आजार होता. काही वस्त्या यापायी उठल्या. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात 'मिल्कसिक' असं नाव पडलेल्या घळी आहेत. लिंकन कुटुंबानं १८३० मध्ये इंडियाना सोडून इलिनॉय गाठलं, त्यामागंही या आजाराची भीती हे एक कारण होतं.

आता शेतकरी म्हणून मला पडलेला प्रश्न. एवढी गुरं मरत होती, माणसं मरत होती, मग झाड का सापडलं नाही?

पहिलं कारण दुभत्या गाईत आहे. हे विष चरबीत विरघळणारं. दुभत्या गाईच्या अंगातून ते दुधावाटे बाहेर पडतं. म्हणून दूध देणारी गाय पुष्कळदा ठणठणीत दिसायची, आणि तिचं वासरू थरथरायचं. भाकड गाय, कालवड, बैल हे आधी पडायचे. घरचे लोक धट्ट्याकट्ट्या गाईचं दूध पीत राहायचे आणि आजारी पडायचे. लोण्यातही विष उतरायचं. दूध तापवून ते जात नाही. पाला वाळला की जोर कमी होतो, पण पुरता जात नाही. आणि एकदा खाल्लं म्हणून लगेच असंही नाही, थोडं थोडं खाऊन अंगात साठत जातं. त्यामुळं आज काय खाल्लं आणि आज काय झालं, याचा मेळ बसत नाही.

दुसरं कारण हंगामात आहे, आणि इथं मला परसातलं ते झाड परत आठवलं. या झाडाचे जे गुण माळी कौतुकानं सांगतात, तेच गुण तेव्हा जिवावर उठले. हे ओलीत आणि सावलीत वाढतं, म्हणजे ओढ्याकाठी, घळीत, जंगलाच्या कडेला. ऑगस्ट-सप्टेंबरात मोकळ्या जागेतलं गवत वाळून जायचं, तेव्हा हेच हिरवंगार उभं असायचं, कारण हे उशिरा फुलणारं. चवीला हे गुरांना काही आवडत नाही. पोटाला दुसरं असेल तर गाय याला सोडून देते. पण खाली गवत नाही, पोटात भूक, आणि समोर हिरवं एवढंच. म्हणून दुष्काळी वर्षी आजार जास्त, आणि पहिलं कडक दव गोठून झाड करपलं की आजार बंद. काही लोकांनी तेवढा हंगाम दूध-लोणी खायचंच सोडलं होतं. कारण कळलं नव्हतं, पण वेळ कळली होती.

आता ज्यांना कारणही कळलं होतं त्यांची गोष्ट.

इलिनॉयच्या दक्षिणेला हार्डिन काउंटीत अ‍ॅना नावाची बाई होती, पुढं अ‍ॅना बिक्सबी म्हणून ओळखली गेली. सुईणपण करायची, दात काढायची, आजाऱ्यांना बघायची. तिकडची परंपरा सांगते ती अशी. १८३० च्या दशकात तिच्या घरची, शेजारची माणसं या आजारात जायला लागली. आजार उन्हाळ्यात येतो आणि थंडीत जातो म्हणजे हे काहीतरी झाडपाल्याचं आहे, असं तिनं ताडलं. ती गुरांच्या मागं जंगलात फिरू लागली. तिथं तिला शॉनी जमातीची एक म्हातारी भेटली. तिनं झाड दाखवलं, हेच ते म्हणाली. अ‍ॅनानं ते एका वासराला खाऊ घालून बघितलं, वासराला थरथरी सुटली. मग तिनं गाव गोळा करून झाड उपटायला लावलं, आणि एक वाफा मुद्दाम राखला, लोकांना ओळख पटावी म्हणून.

त्या म्हातारीचं खरं नाव कुठं नोंदलेलं नाही. 'आंट शॉनी' एवढंच उरलं. आणि त्याच काळात शॉनी लोकांना त्यांच्या भूमीवरून पश्चिमेकडं हाकललं जात होतं. ज्यांना झाड ठाऊक होतं त्यांनाच उठवून लावलं, आणि जे आले ते न ओळखता गुरं सोडत राहिले.

दुसरा माणूस ओहायोच्या फेएट काउंटीतला शेतकरी, जॉन रो. त्यानंही १८३० च्या दशकाच्या शेवटी जनावरांना हे झाड खाऊ घालून बघितलं आणि हेच कारण आहे असं जाहीर सांगितलं. तेव्हा त्या भागातले नामवंत डॉक्टर होते डॅनियल ड्रेक. त्यांनी १८१० मध्येच या आजाराबद्दल लिहिलं होतं. माणूस अभ्यासू होता, मुद्दाम त्या भागात जाऊन बघून आला. पण १८४१ मध्ये त्यांनी जो ग्रंथ लिहिला त्यात रोचं म्हणणं मानलं नाही. त्यांचा संशय पॉयझन आयव्ही नावाच्या दुसऱ्याच वेलीवर होता. डॉक्टरांचा शब्द मोठा. शेतकऱ्याचं राहिलं बाजूला.

मग वर्षं गेली. कुणी म्हणे दलदलीची हवा, कुणी म्हणे मातीतला खनिजाचा अंश. केंटकी राज्यानं कारण शोधणाऱ्याला बक्षीसही लावलं होतं. जंतूंचा शोध लागल्यावर जंतू शोधले गेले, आणि १९०९ मध्ये जॉर्डन आणि हॅरिस या दोन संशोधकांनी एका जिवाणूवर बोट ठेवलं. तेही चुकलं. झाड खाऊ घालून केलेले काही प्रयोगही फसले, कारण प्रत्येक झाडात विषाचा जोर सारखा नसतो, वाळलेल्यात तो कमी होतो, आणि थोड्या दिवसांत थोडं खाल्लं तर काही दिसत नाही. एकानं म्हणावं जनावर मेलं, दुसऱ्यानं म्हणावं माझ्याकडं तर काही झालं नाही.

शेवटी अमेरिकेच्या शेती खात्यातले रसायनतज्ज्ञ जेम्स कौच यांनी १९२८ च्या सुमारास या झाडातून विषारी द्रव्य वेगळं काढलं. थरथरीवरून त्याला नाव दिलं ट्रेमेटॉल. पुढं कळलं की ते एक द्रव्य नसून मिश्रण आहे, पण झाड तेच. नॅन्सी लिंकनला जाऊन तोवर ११० वर्षं झाली होती. अ‍ॅना आणि रो यांच्या सांगण्याला नव्वद. अ‍ॅनाची गोष्ट तर डॉक्टर मंडळींच्या मोठ्या मासिकात १९६६ मध्ये छापून आली.

आणि आजार गेला तो काही या शोधानं नाही गेला. जंगल तुटलं, कुरणं झाली, कुंपणं आली, गुरांना पोटभर चारा मिळू लागला. दूध डेअरीत जाऊ लागलं, शंभर गाईंचं दूध एकत्र झालं की एखाद्या गाईतलं विष पातळ होऊन जातं. आज धोका उरतो तो एक-दोन गाई-शेळ्या पाळून घरचंच दूध पिणाऱ्याला. म्हणजे नेमकं त्या शेजारच्या आजीला.

हे सगळं मी इतकं लांबण लावून का सांगतोय, तर माझाही एक हिशोब राहिलाय.

मी विशीत होतो. ज्वारी काढून झाली होती, मध्येच पाऊस झाला आणि धाटांच्या बुडख्यांना फुटवे आले. कोवळे, हिरवेगार. बाकी रानात चाऱ्याचं नाव नाही. आई म्हणाली, "त्या पोंग्यात गुरं घालू नको, किरळ लागंल." मी शेतीचं पुस्तक वाचलेला, कॉलेजात गेलेला. तिला म्हणलं, अगं ज्वारीच आहे, आपण कडबा घालतोच की. आमची एक कालवड होती, पहिल्या वेताला आलेली. सोडली. अर्ध्या तासात तिचं अंग ताठ झालं, धाप लागली, पडली. डॉक्टरला आणायला सायकल काढली तोवर संपलं होतं. कोवळ्या ज्वारीत, त्यातही पाण्याचा ताण बसलेल्या फुटव्यात, सायनाइड तयार होतं हे मला नंतर कळलं. आईला सायनाइड हा शब्द माहीत नव्हता, पण कुठल्या वेळी कुठल्या रानात गुरं न्यायची नाहीत हे माहीत होतं. ती मला त्यावरून एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या कबरीपाशी उभा होतो तेव्हा मला लिंकनपेक्षा ती कालवड जास्त आठवत होती.

परत येताना लेकीला विचारलं, झाड ठेवायचं की काढायचं? तिच्याकडं जनावर नाही, झाड तिथलंच आहे, मधमाश्यांना शेवटच्या दिवसांत खायला मिळतं. ठेवायचं ठरलं, पण शिस्तीनं. तुमचीही पोरंबाळं तिकडं असतील तर त्यांच्यासाठी सांगतो. लावायचं असेल तर ओल धरणारी, शेणखत-पालापाचोळा मुरलेली जमीन आणि अर्धी सावली बघा. कोरड्यात रंग येतो पण पानं करपतात. शेंडे जुलैच्या सुरुवातीच्या पुढं खुडू नका. गड्डा फोडून नवं रोप करायचं तर वसंतात, फूट निघाली की. फुलं सुकायला लागली की बी उडायच्या आत कापा. बियांची रोपं सगळी काळी निघत नाहीत, हिरवीही निघतात, आणि हिरवं रोप म्हणजे जंगलातलंच ते मूळ झाड. ती ओळखून उपटा. आणि कापलेला पाला कुणाच्याही कुंपणापलीकडं टाकू नका. शेळी, गाय, घोडा, कुणालाच नाही. आम्ही ते वाटेकडेचं कोरड्यातलं रोप काढून टाकलं, ओलीतलं ठेवलं. शेजारच्या आजीला सांगूनच.

आपल्याकडं हे झाड नाही, आणायचंही नाही. पण आपल्याकडं किरळ आहे, घाणेरी आहे, कुंपणाची कण्हेर आहे. टंचाईच्या दिवसांत जनावर तोंड घालतं ते नेमकं जे हिरवं उरलंय त्यात.

गावी आल्यावर मी वहीच्या मागच्या बाजूला एक नवीन पान घातलं. कुठलं जनावर, कुठल्या तारखेला, कुठल्या बांधाला चरलं, काय खाल्लं, काय झालं. आई आता नाही. म्हणून गावातल्या दोन म्हाताऱ्या बायका आणि आयुष्यभर गुरं राखलेल्या एका काकांकडं जाऊन बसलो. एका दुपारीत बारा झाडांची नावं मिळाली, त्यातली पाच मला माहीतच नव्हती. काकांनी तर घळीत नेऊन पान हातात दिलं.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर या उन्हाळ्याच्या आधी त्यांच्याजवळ बसा. वही घेऊन बसा, आणि कुणी सांगितलं त्याचं नावही त्यात लिहा.